अठरा हजारांची गिटार: मशीनचं काम झालंय, हाताचं राहिलंय

या वेळचं पत्र वाळूजहून आलं आहे. थोडं कापून देतो:

"काका, माझं वय २३. गाव परभणी जिल्ह्यात, सध्या वाळूज एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे, कंत्राटी. गावाकडं भजनी मंडळात सात-आठ वर्षं पखवाज वाजवला. इथं एका खोलीत आम्ही तिघं, तिघांच्या पाळ्या वेगळ्या, कोणी ना कोणी झोपलेलं असतं. इलेक्ट्रिक गिटार हेडफोन लावून वाजवता येते असं कळल्यापासून डोक्यात तेच आहे. दीड वर्षात १८,००० रुपये बाजूला काढलेत. एक मित्र म्हणतो, आधी साधी लाकडी गिटार शिकावी लागते, थेट इलेक्ट्रिक घेतली तर हात बिघडतो. दुसरा म्हणतो, ऑनलाइन सात-आठ हजारांत गिटार, अ‍ॅम्प, पट्टा, बॅग सगळं येतं, ते घे. दुकानदार म्हणतो, हे अठरा भर, उरलेल्याचा हप्ता बांधून देतो, ४०,००० ची घेऊन जा. मला जड, फाटका आवाजही आवडतो आणि जुन्या गाण्यांतला स्वच्छ आवाजही. चुकीची वस्तू घेतली तर पुन्हा इतके पैसे साठायला दीड वर्ष जाईल. काय करू?"

हप्त्याची गिटार घेऊ नकोस. बाकीचं नंतर, हे आधी. तू कंत्राटी कामगार आहेस. ज्या महिन्यात ओव्हरटाइम बंद होईल किंवा कंत्राटदार बदलेल, त्या महिन्यातही हप्ता खात्यातून जाणारच. बिनव्याजी म्हणून सांगतात त्या हप्त्यातही बऱ्याचदा प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा कर असतो. पण मला जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. हप्ता चालू असलेली गिटार माणूस मोकळ्या मनानं वाजवत नाही. दोन दिवस हात लावला नाही की पैसे फुकट चालले असं वाटायला लागतं आणि जिच्याकडं पाळी संपवून आनंदानं यायचं, ती वस्तू कोपऱ्यातून वसुली मागत बसते. पहिली दोन वर्षं जे शिकायचं आहे ते चाळीस हजारांच्या गिटारवर जसं येतं, तसंच दहा-अकरा हजारांच्या नीट लावलेल्या गिटारवरही येतं. 'नीट लावलेल्या' यातच सगळं आहे, त्याबद्दल पुढं सविस्तर सांगतो.

पहिल्या मित्राला सांग की हात बिघडत नाही. उलट आहे. इलेक्ट्रिकवर कारखान्यातून येणारी पहिली तार बहुतेक वेळा ०.००९ इंच जाडीची असते, म्हणजे साधारण ०.२३ मिमी. लाकडी गिटारवर ती सहसा ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिमी. तारा बारीक, फ्रेटपासूनची, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासूनची, उंची कमी, त्यामुळे नवशिक्याची बोटं इलेक्ट्रिकवर कमी सोलतात. ज्याला पुढं इलेक्ट्रिकच वाजवायची आहे, त्यानं वर्षभर दुसऱ्या वाद्यावर बोटं सोलून घेण्यात काही पुण्य नाही. तुझ्या खोलीत तर लाकडी गिटार चालणारच नाही. तिचा आवाज बंद करायचं बटण नसतं.

दुसऱ्या मित्राचं म्हणणं इतकं सोपं नाही. ही ऑनलाइन कॉम्बो मी पुष्कळ उघडून पाहिली आहेत, शिकायला येणारी मुलं घेऊन येतात म्हणून. सगळीच टाकाऊ नसतात. पण पैसे कुठं गेलेत ते बघ. सात-आठ हजारांत बॅग आली, पट्टा आला, वायर आली, तारांचा जादा संच आला आणि तळहातापेक्षा जरा मोठा स्पीकर असलेला एक डबाही आला. मग गिटारवर किती उरले? त्यातला तो अ‍ॅम्प आवाज जरा वाढवला की माशी अडकल्यासारखा भणभणतो, आणि तुला तर हेडफोनवरच वाजवायचं आहे. म्हणजे नको असलेल्या वस्तूचे पैसे देऊन हवी असलेली वस्तू हलकी घ्यायची. असं करू नकोस.

आता तुझ्या धंद्याची गोष्ट सांगतो, कारण ती थेट तुझ्या प्रश्नाशी जोडलेली आहे.

इलेक्ट्रिक गिटारला आजचं रूप मिळालं ते वर्कशॉपमध्ये. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ साली त्यानं तिथं दुकान काढलं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण वस्तू कशी बनते, कशी मोडते आणि कशी पटकन दुरुस्त होते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. १९५० च्या सुमारास त्यानं जी गिटार बाजारात आणली, तिची नेक, म्हणजे लांब दांडा, बॉडीला सरसानं चिकटवण्याऐवजी सरळ स्क्रूंनी आवळलेली होती. नेक खराब झाली तर काढा आणि दुसरी लावा. १९५४ मध्ये त्याच पद्धतीची स्ट्रॅटोकास्टर आली. आज तू दुकानात ज्या स्वस्त गिटारी बघशील, त्यांतल्या बऱ्याच तिचाच आकार घेऊन उभ्या असतात. सुटे भाग करून जोडायची ही कल्पना मशीनवर काम करणाऱ्या माणसाला लगेच कळते. म्हणून तर ती स्वस्तात करता येते.

आता इंडोनेशियात आणि चीनमध्ये या बॉडी आणि नेक सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकुमावर कापणाऱ्या मशीनवर, कापल्या जातात. तू ज्या जातीच्या मशीनसमोर आठ तास उभा असतोस, त्याच जातीच्या. नेक बसायची खाच, फ्रेटच्या खाचा, घोडीची, म्हणजे बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात तिची, भोकं ही कामं पूर्वी कारागिराच्या हातावर होती. आता दहा हजारांच्या आणि लाखाच्या गिटारमध्ये या बाबतीत फार फरक उरलेला नाही. खात्री करायची असेल तर टेप लावून बघ. फेंडर पद्धतीच्या गिटारवर वरच्या नटापासून, म्हणजे नेकच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर ३२४ मिमी भरतं, तारेच्या पूर्ण लांबीच्या, म्हणजे ६४८ मिमीच्या, बरोबर निम्मं. स्वस्त गिटारमध्येही भरतं.

मग पैसे वाचवतात कुठं? जिथं माणसाच्या हाताची मिनिटं लागतात तिथं. फ्रेटची टोकं घासून गोल करणं, सगळे फ्रेट एका पातळीत आणणं, नटाच्या खाचा तारेप्रमाणे खोल करणं, नेकचा बाक बघून तिच्या आतली सळई आवळणं. तुझ्या भाषेत सांगायचं तर जॉब मापात आहे, पण बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहणारी खरखरीत धार, काढलेली नाही आणि सेटरनं सेटिंग केलेलं नाही. स्वस्त गिटार म्हणजे बहुतेक वेळा वाईट गिटार नसते, अर्धवट सोडलेली गिटार असते. राहिलेलं काम करून घ्यायला पैसे बाजूला ठेवलेस, तर तुझे अठरा हजार भरपूर आहेत. सगळे गिटारवरच घातलेस, तर पंचवीस हजारही कमी पडतील.

हे मी अनुभवानं सांगतो. माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार मी सांगलीत असताना घेतली, होते नव्हते ते सगळे पैसे घालून. लालभडक, चकचकीत. दुकानदारानं तार छेडून दाखवली, मी घेऊन आलो. अ‍ॅम्पला पैसे नव्हते, म्हणून आठ महिने ती तशीच कोरडी वाजवली. पहिल्या फ्रेटवर बोटं दाबली की मनगटापर्यंत कळ जायची. एफ कॉर्ड, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून वाजवायचा स्वरसमूह, तर लागायचाच नाही. मला वाटलं माझी बोटं आखूड आहेत, हे आपल्याला जमणारं नाही. पुढं कोणाबरोबर तरी मिरजेला गेलो होतो, गिटार पाठीला होती. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्याचं गाव, तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं एक वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते. त्यांनी माझी गिटार हातात घेतली, डोळ्यासमोर आडवी धरली, पहिल्या फ्रेटवर एक तार दाबली आणि म्हणाले, "ही पट्टी उंच ठेवलीय हो कोणीतरी." बारीक कानस घेतली आणि नटाच्या सहा खाचा थोड्या थोड्या खाली नेल्या. दोन वेळा घासायचं, तार बसवायची, दाबून बघायचं, पुन्हा घासायचं. वीस मिनिटं लागली असतील. त्यानंतर एफ कॉर्ड लागला. आठ महिने मी माझ्या बोटांना दोष देत होतो आणि दोष अर्ध्या मिलिमीटरचा होता. किती पोरांनी याच अर्ध्या मिलिमीटरपायी गिटार पलंगाखाली ढकलली असेल, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

तू ही मापं माझ्यापेक्षा चांगली घेशील. गिटार बघायला जाताना स्टीलची पट्टी, फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) आणि फोनमध्ये फुकटचा ट्यूनर एवढं ने. आधी तारा सुरात लावून घे, सुरात नसलेल्या गिटारवर घेतलेल्या मापाला अर्थ नाही. जाड तारेपासून बारीक तारेकडं ई, ए, डी, जी, बी, ई. भजनातल्या भाषेत पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. पखवाज पेटीला लावताना कान जसा लावतोस तसाच लाव, तुझा कान ट्यूनरच्या आधीच पोचेल.

मग जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हातानं आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हातानं दाबून धर. ताणलेली तार हीच तुझी सरळ धार. सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये फीलर गेजचं पातं सरकव. ०.२ ते ०.२५ मिमी असेल तर उत्तम. ०.५ च्या पुढं गेलं तर नेक पुढं वाकलेली आहे. काहीच फट नसेल तर नेक मागं गेली आहे किंवा अगदी सरळ आहे, आणि मग पहिल्या काही फ्रेटवर तार खणखणते. यातलं काहीही दिसलं तरी लगेच गिटार नाकारू नकोस. नेकमध्ये जी लोखंडी सळई असते, ट्रस रॉड म्हणतात तिला, ती याच्यासाठीच आहे. अ‍ॅलन की घालून उजवीकडं आवळली की नेक सरळ होते, सैल केली की ताराच तिला पुढं ओढतात. दुकानदाराला तुझ्यासमोर पाव फेरा फिरवायला सांग आणि पुन्हा माप घे. माप हललं तर सळई जिवंत आहे. फिरवायलाच तयार नसेल किंवा सळई आधीच शेवटपर्यंत आवळलेली असेल, तर तिथून उठ. बाकीचं सगळं दुरुस्त होतं, एवढं एक सहज होत नाही. स्वतः कधी फिरवलीस तर एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. लाकूड आहे, लोखंडासारखं लगेच उत्तर देत नाही, थोडा वेळ जाऊ दे.

त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची, स्टीलच्या पट्टीनं. जाड तारेखाली दोन मिमीच्या आसपास, बारीक तारेखाली दीडच्या आसपास. जास्त असेल तर घोडीवरचे छोटे स्क्रू खाली घेऊन कमी करता येते, पण स्क्रू तळाला टेकूनही तार उंचच राहत असेल तर नेक चुकीच्या कोनात बसली आहे. नट बघायला मला मिरजेत दाखवलेली रीत: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाब आणि पहिल्या फ्रेटवर बघ. केसाएवढी फट हवी. स्वच्छ दिसण्याएवढी असेल तर नट उंच आहे, कामाला लागेल, तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांग.

शेवटी बाराव्या फ्रेटचा सूर. तारेवर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून छेड, घंटेसारखा सूर येईल. मग तिथंच दाबून छेड. ट्यूनरवर दोन्ही एकच दिसले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर घोडीवरचा तुकडा मागं सरकवून तार लांब करायची, उतरा असेल तर पुढं. हे तर तुला मशीनवर ऑफसेट मारल्यासारखंच, म्हणजे माप थोडं पुढं-मागं केल्यासारखंच, वाटेल.

फ्रेटच्या टोकांवरून तळहाताची कड नटापासून खालपर्यंत दोन्ही बाजूंनी फिरव. खरखरीत लागलं तर बर राहिलीय. मराठवाड्यात हे जास्त दिसतं, कारण एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकून आकसतं आणि फ्रेटचा धातू होता तेवढाच राहतो, म्हणून टोकं बाहेर येतात. बारीक कानशीनं जातात, पण ते काम जाणकाराकडून.

मापं झाली की आवाज. बॉडीचं लाकूड कुठलं यावर तासभर बोलणारे भेटतील. पहिल्या गिटारसाठी त्यात वेळ घालवू नकोस. गिटारचा आवाज उचलतो तो पिकअप, म्हणजे चुंबकावर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत वीज तयार होते, तुमच्या कारखान्यातल्या प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या नात्यातलीच गोष्ट. एकच गुंडाळी असली की आवाज स्वच्छ, टणत्कार असलेला, पण घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही ती उचलते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट्या गुंडाळ्या शेजारी ठेवून ती गुणगुण मारायची युक्ती काढली. तो हंबकर. त्याचा आवाज भरीव, फाटक्या आवाजाला तोच लागतो. तुला दोन्ही आवडतात, म्हणून घोडीजवळ हंबकर आणि वर दोन एकेरी अशी मांडणी घे. दुकानात एचएसएस (हंबकर-सिंगल-सिंगल) म्हण, लगेच कळेल. पिकअप निवडायचा स्विच पाचही जागांवर टाकून बघ, प्रत्येक बटण पूर्ण फिरवून बघ. खरखर आली तर धूळ आहे, स्प्रेनं जाते. एखाद्या जागी आवाजच गेला तर वायर सुटली आहे, सोल्डरिंगचं काम. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ते बरोबर आहे. झिणझिण्या आल्या तर गिटार खाली ठेव आणि तिथल्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते विचार.

एक गोष्ट घेऊ नकोस: स्वस्तातली लॉकिंग ट्रेमोलो, ज्यात नटावर तारा स्क्रूनं आवळलेल्या असतात आणि घोडी स्प्रिंगवर तरंगते. एक तार सुरात आणली की बाकीच्या पाच हलतात. शिकणाऱ्याचा निम्मा वेळ सूर लावण्यात जातो. साधी पक्की घोडी सगळ्यात बरी. स्ट्रॅटोकास्टरसारखी दांडीची घोडी असेल तर दांडी काढून ठेव आणि मागच्या स्प्रिंगा आवळून ती बॉडीला टेकव.

नावं विचारशील म्हणून सांगतो. स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्त शिक्का, एपिफोन गिब्सनचा. यामाहाची पॅसिफिका १९९० पासून आहे आणि तिच्यातल्या ११२ या मॉडेलबद्दल मला आजवर पश्चात्ताप करणारा माणूस भेटलेला नाही. आयबानेझची जिओ मालिका, आणि कोर्ट. कोर्ट ही कोरियन कंपनी दुसऱ्या मोठ्या नावांच्या गिटारीही बनवते, त्यामुळे तिच्या स्वतःच्या नावाच्या गिटारीत नावाचे पैसे कमी आणि कामाचे जास्त असतात. तुझ्या पैशांत यांतली नवी बसली तर उत्तम. पण मी तुझ्या जागी असतो तर जुनी शोधली असती. कारण सांगतो. दर वर्षी कितीतरी मुलं कॉलेजच्या पहिल्या वर्षात हौसेनं गिटार घेतात आणि परीक्षेच्या आत ती कपाटावर जाते. वर्षभरानं घरचे म्हणतात, विकून टाक. अशा गिटारचे फ्रेट कोरे असतात, लाकूड एक उन्हाळा आणि एक पावसाळा सोसून जागेवर बसलेलं असतं आणि किंमत बरीच उतरलेली असते. छत्रपती संभाजीनगरमध्ये इंजिनिअरिंगची इतकी मुलं आहेत, जूनमध्ये होस्टेल रिकामी होताना चौकशी कर. पुण्याला कोणी ओळखीचं असेल तर तिथंही. मुंबईला जाणं झालं तर धोबी तलावला फुर्ताडोजमध्ये, १८६५ पासूनचं दुकान आहे ते, नव्या गिटारी हातात घेऊन बघ. विकत घेतलंच पाहिजे असं नाही. पाच-सहा नेक हातात आल्या की आपल्या हाताला कुठली बसते ते कळतं.

जुनी घेताना नेक बॉडीला मिळते तिथं आणि नटाच्या मागं तडा आहे का ते बघ. तारेखालच्या फ्रेटमध्ये खड्डे पडलेत का बघ. आणि गिटार हातात येण्याआधी एक रुपयाही पाठवू नकोस. कोणी "क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्याकडं येतील" म्हणालं तर फोन ठेव. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

आता रात्रीचा प्रश्न. तुला मोठा अ‍ॅम्प नकोच. आगपेटीच्या दुप्पट आकाराचे हेडफोन अ‍ॅम्प मिळतात, गिटारच्या भोकात थेट घुसतात, चार्जिंगवर किंवा सेलवर चालतात, म्हणून भाड्याच्या खोलीतल्या अर्थिंगची भानगडही नाही. स्वच्छ, फाटका, जरासा घुमणारा, सगळे आवाज त्यात असतात. हेडफोन मात्र वायरचाच लाव. ब्लूटूथमध्ये तार छेडल्यावर आवाज उशिरा पोचतो आणि तू पखवाजी आहेस, तुला ती उशिराची मात्रा एक मिनिटही सहन होणार नाही. गिटार ब्लूटूथ स्पीकरच्या किंवा होम थिएटरच्या माइकमध्ये खुपसूनही वाजवू नकोस. पिकअपचा आवाज तसल्या सॉकेटला जुळत नाही, मरगळलेला येतो आणि माणसाला वाटतं गिटारच वाईट आहे.

तर पैसे असे मांड. गिटारला ११,०००, त्याच्या वर पाय टाकायचा नाही. हेडफोन अ‍ॅम्पला ३,००० पर्यंत. तारांचे दोन संच १,००० च्या आत, नऊ नंबरचे. पट्टा, प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती) आणि जाड अस्तराची बॅग मिळून १,०००. सेटिंगला, म्हणजे नट, फ्रेटची टोकं आणि मापं नीट करून घ्यायला, १,२००. झाले १७,२००. उरलेले ८०० जाण्यायेण्याला. दुकानदार गिटारच्या किमतीत पट्टा-बॅग देत असेल तर ते हजार सेटिंगकडं वळव, गिटारकडं नाही. आणि ११,००० ला मनासारखी मिळाली नाही तर परत ये, पुढच्या महिन्यात पुन्हा जा. दीड वर्ष थांबलास, महिनाभर आणखी थांबायला काही होत नाही.

सेटिंग करणारा माणूस जवळ सापडला नाही तर घोडीची उंची, बाराव्या फ्रेटचा सूर आणि नेकचा बाक ही तीन कामं तू स्वतः करशील याबद्दल मला शंका नाही. नटाला आणि फ्रेटला मात्र पहिल्यांदा स्वतः कानस लावू नकोस. तिथं जास्त घासलं गेलं तर परत भरता येत नाही.

गिटार खोलीवर आली की दोन गोष्टी पाळ. पाळीवरून आल्यावर साबणानं हात स्वच्छ धुतल्याशिवाय तिला शिवू नकोस. कूलंट आणि तेल लागलेल्या बोटांनी नव्या तारा आठवड्यात काळवंडतात, आणि बोटांत रुतलेली बारीक कीस फ्रेटवर ओरखडे काढते. वाजवून झालं की सुती फडक्यानं तारा खालून-वरून पुसून ठेव. दुसरं, उन्हाळ्यात खोलीत कूलर असणारच. त्याच्या समोर गिटार ठेवू नकोस आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर नाहीच. दिवसभर तापायचं आणि रात्रभर ओल खायची, असं झालं की नेक रोज वेगळं माप दाखवते. बॅगेत घालून आतल्या भिंतीला उभी कर, तेवढं पुरे.

डाव्या हाताची घाई करू नकोस, तो हळूहळू येईल. तुझा उजवा हात लयीत तयार आहे आणि बाकीच्यांना तोच शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पहिले पंधरा दिवस दोनच कॉर्ड, ई मायनर आणि ए मायनर, आणि त्यांवर भजनी ठेका उजव्या हातानं. बघ काय होतं.

गिटार घेतलीस की सातव्या फ्रेटवरची फट आणि बाराव्या फ्रेटवरच्या दोन्ही तारांची उंची मिलिमीटरमध्ये लिहून पाठव. काय फिरवायचं, किती फिरवायचं, ते मी कळवतो.